खंड नववा, पान चारशे बारा

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून जे टेबल होतं त्याला सगळे जन्म-मृत्यू कचेरी म्हणायचे. हे नाव जुळाऱ्यानं ठेवलेलं. हा जुळारी एके काळी शिशाचे खिळे जुळवायचा, आता कॉम्प्युटरवर बसतो, पण हुद्दा त्याचा काही बदलला नाही. त्या टेबलाशी अठ्ठावीस वर्षं बाई बसत होत्या. काम मुद्रितशोधकाचं. म्हणजे छापायच्या आधी ओळन् ओळ वाचायची, चुकलेली वेलांटी पकडायची, आणि पुस्तक गाजलं की लेखकाचं कौतुक मुकाट्यानं ऐकायचं. एखादी चूक राहिली तर मात्र सगळ्यांना बाईंचं टेबल बरोबर सापडायचं.

त्या अठ्ठावीसांतली सव्वीस वर्षं एकाच माणसानं खाल्ली. मास्तरांनी. शाळेत भूगोल शिकवणारा हा गृहस्थ, खऱ्या जगाचे नकाशे काढून कंटाळला असावा, म्हणून त्यानं स्वतःचंच एक जग काढलं. त्यात डोंगर, खिंडी, किल्ले, आणि चार सरदार घराणी: घार, मीठ, दिवटी आणि सांबर. दहा खंड झाले, अकरावा आणि शेवटचा यायचा होता. वाचक इतके वेडे की लग्न मोडेल पण खंड चुकणार नाही.

आणि या चार घराण्यांच्या नावं ठेवायच्या तऱ्हा! बाईंच्या नाकी नऊ आले होते. घार घराण्यात थोरल्या मुलाला आजोबांचंच नाव, त्यामुळे एकाच नावाचे सात सरदार झालेले. मग लंगडा, बोलका, उशिरा आलेला असं म्हणून ते ओळखायचे. मीठ घराण्यात मुलीचं नाव आई ठेवते आणि लग्नापर्यंत बापालासुद्धा सांगत नाही. दिवटीवाले लढाई जिंकली की नाव बदलतात. त्यातल्या एका सेनापतीनं बाईंची नोंदीची पाच कार्डं खाल्ली. सांबर घराण्याची रीत त्या मानानं साधी. बाळ दहा दिवसांचं झालं की नाव ठेवायचं, आणि ते घराण्यातल्या गेलेल्या माणसाचं. जिवंत माणसाचं नाव बाळाला कधीच द्यायचं नाही. दिलंच, तर ते माणूस मेलं असं धरायचं. त्याचं ताट पुन्हा मांडत नाहीत.

हे सगळं लक्षात ठेवायचं कुणी? बाईंनी. मास्तर लिहून मोकळे व्हायचे. बाईंनी बुटांच्या खोक्यांत कार्डं लावली होती, प्रत्येक माणसाचं एक. नाव, आईबाप, कुणावरून नाव ठेवलं, जन्म, मृत्यू. चारशेच्या वर माणसं झाली होती. प्रकाशनसंस्थेचे मालक प्रत्येक समारंभात छाती फुगवून सांगायचे, 'दहा खंड, चार घराणी, आणि एकदाही शुद्धिपत्र लावावं लागलं नाही.' पुस्तकाच्या मलपृष्ठावरही ते छापलेलं असायचं. बाईंचं नाव नसायचं, पण ते आपल्याबद्दल आहे हे बाईंना ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

मास्तरांना एक खोड होती. लिहिण्याच्या भरात असले की किरकोळ माणसांना नाव सुचवत बसायचे नाहीत. जागा मोकळी सोडून समासात लिहायचे, 'बाई, नाव टाका.' बाई आपल्या ओळखीतली नावं टाकायच्या. दूधवाला घार घराण्याचा तिसरा सेनापती झाला. खाष्ट सासू मीठ घराण्याची दाई झाली, आणि ते पान तपासताना बाई मनातल्या मनात खूप हसल्या होत्या. हे कुणाला कधी कळलं नाही.

तिसऱ्या खंडात सांबर घराण्यात एक मुलगी जन्मली. समासात मास्तरांचं अक्षर: 'सांबरांपैकी मेलेल्या कुणाचं तरी नाव टाका.' बाईंनी पेन उचललं आणि जरा वेळ तसंच धरून ठेवलं. मग त्यांनी एक नाव लिहिलं. नियमाला धरून असावं म्हणून त्या नावाची एक मेलेली पणजीही कार्डावर उभी केली. पणजी खोटी होती, पण नाव गेलेल्या माणसाचंच होतं.

बाईंना नोकरीच्या आधी एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांची असताना एका सकाळी ती झोपेतून उठलीच नाही. नाव ठरलं होतं, घरी गेल्यावर नोंदवू म्हणून राहिलं होतं. दवाखान्याच्या कागदावर 'स्त्री जातीचे मूल' एवढंच आहे. ते नाव बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला माहीत होतं, आणि दोघांनी ते पुन्हा तोंडातून काढलं नाही. इथंही सांगत नाही. ते त्यांचं आहे, आपण कशाला उच्चारायचं.

तर ही सांबरांची मुलगी वाढली. पाचव्या खंडात घोड्यावरून पडून तिनं हात मोडून घेतला, तेव्हा बाई दोन दिवस उगाच जुळाऱ्यावर खेकसत होत्या. सातव्यात ती आजोबांना उलटून बोलली आणि बाईंना बरं वाटलं. आठव्याच्या शेवटी सैन्य घेऊन बर्फाच्या खिंडीत गेली, आणि तिथून पुढे तिची काही खबर नव्हती.

आणि मग नववा खंड. त्याची मुद्रितं बाईंनी इस्पितळात तपासली, नवऱ्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन. नवरा शेवटच्या घटका मोजत होता. त्या आठवड्यात, सव्वीस वर्षांनी, त्यानं मुलीचं नाव दोनदा घेतलं. एकदा तर 'ती आली का गं?' असंही विचारलं. बाई काय बोलणार? 'येईल,' म्हणाल्या. मग समोरचं पान उलटलं. सांबर घराण्यात आणखी एक नात जन्मली होती. समासात लिहिलेलं, 'नाव टाका.' बाईंनी नाव टाकलं. कुठलं टाकलं ते तीन महिन्यांनी कळलं, छापील पुस्तक हातात आल्यावर. तोवर नवरा गेला होता.

खंड नववा, पान चारशे बारा. खिंडीत गेलेली मोठी मुलगी जिवंत, आणि तिचंच नाव बाळाला. चारशे माणसांचा हिशेब डोळ्यांत तेल घालून सांभाळणाऱ्या बाईची चूक, आणि तीही नेमकी याच नावाची.

चौकस वाचकांची पत्रं येऊ लागली. मास्तरांनी सगळ्यांना एकच उत्तर धाडलं: 'थांबा, कळेल.' बाईंना वाटलं, काढतील काहीतरी वाट. सांगायचं धैर्य झालं नाही आणि पुढे अंगात तेवढा जोरही राहिला नाही. गुडघे गेले होते. डोळ्यांना दुपारनंतर अक्षर दुहेरी दिसायचं. शेवटचा खंड निघाला की त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्या दिवसाची वाट बघण्यापलीकडे त्यांना कशाचीच हौस उरली नव्हती.

अकराव्या खंडाची मुद्रितं आली, आणि पान दोनशेवर वाट कळली. मुलगी खिंडीतच मेली होती. घरच्यांना गुपचूप निरोप पोचला होता, म्हणून त्यांनी तिचं नाव बाळाला दिलं होतं. तिच्या मरणाची अठरा पानं होती, आणि फार सुरेख लिहिली होती.

बाईंनी ती अठरा पानं सगळी वाचली. एक अनुस्वार कमी होता, तो दिला. शेवटच्या पानाखाली नेहमीचा शिक्का होता, 'छापण्यास हरकत नाही', आणि सहीची जागा. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"काय बाई, अडलंय का काही?" जुळाऱ्यानं विचारलं.

"हो. जरा जाऊन येते."

मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाई दर मजल्यावर थांबत, कठड्याला धरून चढल्या. मास्तर नकाशांच्या ढिगात बसले होते, खूश.

"वाचलंत? वाचक म्हणतील, म्हाताऱ्यानं दोन खंड आधीच बेत केला होता. आणि खरं सांगू का बाई, मला आठवतही नाही बाळाला ते नाव मी कधी दिलं. हातच शहाणा असतो बघा माणसाचा."

"तुम्ही नव्हतं दिलं. मी दिलं. तुम्ही जागा सोडली होती."

मास्तर हसायचे थांबले.

"चूक झाली माझी. इस्पितळात बसून काम करत होते. तेच एक नाव डोक्यात होतं," बाई म्हणाल्या. त्या अजून उभ्याच होत्या. "माझ्या मुलीचं होतं ते. नऊ दिवसांची होती. तिसऱ्या खंडात तुम्ही नाव मागितलंत, तर मी तेच दिलं."

खुर्चीवरचे नकाशे उचलून त्यांनी जमिनीवर ठेवले. "बसा आधी," ते म्हणाले. "बावीस वर्षं मी तिला वाढवतोय, आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"बोलण्यासारखं काय होतं? छान वाढवत होतात."

"मोडलेला हात, तेव्हा तरी..."

"तेव्हा राग आला होता तुमचा," बाई म्हणाल्या. "मास्तर, अठ्ठावीस वर्षांत मी कुणाच्या गोष्टीत ढवळाढवळ केली नाही. ते माझं कामच नाही. पण त्या पानांवर सही माझ्याच्यानं होणार नाही. माझ्या एका चुकीपायी मरतेय ती. दुसऱ्यांदा नको हो."

"पण रीत? जिवंत माणसाचं नाव बाळाला दिलं की ते मेलं. पहिल्या खंडात लिहून बसलोय मी. ती आता मोडायची कशी?"

"रीत नका मोडू. शुद्धिपत्र लावा. चूक माझी आहे, तसं छापा."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. शुद्धिपत्र म्हणजे या बाईंच्या उभ्या जन्माच्या कमाईवर पाणी, हे त्यांनाही कळत होतं. "मालक ऐकायचे नाहीत," ते म्हणाले.

"ऐकतील. मी जातेच आहे आता. गेलेल्या माणसावर चूक ढकलायला कुणाचं काय जातं?"

मालकांनी तासभर आदळआपट केली. मलपृष्ठ बदलावं लागणार, समारंभाच्या भाषणातलं हुकमी वाक्य जाणार. "बाई, जाता जाता हे काय करून ठेवलंत?" असंही म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं. शुद्धिपत्र त्यांनी स्वतः लिहिलं आणि जुळाऱ्यानं काही न विचारता ते जुळवलं. 'खंड नववा, पान चारशे बारा, ओळ सहावी. बाळाचे छापलेले नाव चुकीचे आहे. त्या नावाची व्यक्ती हयात आहे. चूक मुद्रितशोधकाची.' बाळासाठी दुसरं नाव मास्तरांनी मागितलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "या वेळी तुम्हीच ठेवा. माझ्याकडची संपली." त्यांनी ठेवलं, आणि बाईंनी त्याचं कार्ड केलं.

तीन दिवसांनी मास्तरांचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"बाई, मला काही सुचत नाहीये. अठरा पानं फाडली. खिंडीतून तिला बाहेर काढली, घरी आणली, दारात उभी केली. आता पुढं? तिचं मरणच मी इतकी वर्षं डोक्यात घोळवलं. जगली तर काय करेल, याचा कधी विचारच केला नाही. तुम्ही सांगा. आल्यावर काय करेल ती?"

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. समोर खोकी होती. तिचं कार्ड वरच काढून ठेवलेलं होतं. शेवटचा रकाना मोकळा. पुढं काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांना नऊ दिवसांच्या पुढचं काहीच माहीत नव्हतं.

"दमली असेल हो," त्या म्हणाल्या. "किती चाललीय. झोपू द्या तिला."

"झोपू देतो," मास्तर म्हणाले. कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. "बरं वाटतंय हे. शेवट इथंच करतो मग. ती झोपली, घर शांत झालं..."

"मास्तर."

"हां?"

"सकाळी उठवा तिला."

पेनाचा आवाज थांबला. "उठवतो," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

नवी मुद्रितं आली तो बाईंचा शेवटचा आठवडा होता. पानं अकराच होती, पहिल्या अठरांइतकी सुरेख नव्हती, मास्तरांची घाई दिसत होती. बाईंनी चार चुका काढल्या. शेवटचं पान त्यांनी खिडकीशी नेऊन, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घरात ताट मांडलेलं होतं. आजोबांनी जिन्यात उभं राहून तिच्या नावानं हाक मारली, आणि वरून 'आले' असं उत्तर आलं.

त्या ओळीत चूक नव्हती. बाईंनी सही केली आणि पान जुळाऱ्याकडे दिलं.