आलेखाखालची गावं

कॉम्प्युटरवर आलेख काढला की खालची गावांची नावं आपोआप तिरकी व्हायची. आमच्या दूध संघातल्या एका क्लार्कना ते सहन व्हायचं नाही. "तिरकं गाव बरं दिसतं का, राव? माणसं ऱ्हात्यात तिथं," असं म्हणत ते नावं सरळ करायचे आणि स्क्रीनला फूटपट्टी लावून तपासायचे.

एका वर्षी वार्षिक सभेसाठी कोणत्या गावानं किती दूध घातलं, त्याचा आलेख करायचा होता. महाळुंगे पडवळला दोन ओळी लागल्या. पेठ एका ओळीत संपलं. पेठवाल्यांना कमीपणा नको म्हणून क्लार्कनी खाली 'पुणे-नाशिक रोड' लिहिलं. मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? प्रत्येक गावाखाली तिथल्या डेअरीचे चेअरमन आले, त्यांच्याआधी 'मा.' आलं, आणि रुसू नयेत म्हणून माजी चेअरमनही आले. लग्नपत्रिकेत भावकी बसवावी तसं त्यांनी सगळ्यांना बसवलं. दुधाचे खांब काडेपेटीतल्या काड्यांएवढे उरले.

सभेच्या सकाळी मॅनेजर ओरडले, "ही काय गर्दी? काहीतरी कमी करा!"

"करतो, साहेब," ते शांतपणे म्हणाले, आणि त्यांनी खांब काढून टाकले.

सभेत पडद्यावर नुसती नावं झळकली. मी खुर्चीत आक्रसलो. पण जो तो आपलं नाव शोधून शेजाऱ्याला दाखवत होता. अहवाल टाळ्या वाजवून मंजूर झाला.

जाताना पेठच्या चेअरमननी क्लार्कच्या पाठीवर थाप मारली. "औंदा लई सोपं केलं, भाऊ. समदं दिसलं."