सागवानाचे अकरा ठोकळे

आदिलाबादच्या कापूस बाजारामागच्या एका जिनिंगमध्ये मोतीराम एकोणीस वर्षं वायरमन होता, आणि एकोणीसही वर्षं टेंपररी. बोलायला सावकाश, पण कान असा की मोटर नुसती ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. जिनिंगच्या पॅनलमध्ये तांब्याच्या तीन लांब पट्ट्या शेजारी शेजारी होत्या. सगळी वीज त्यांच्यातूनच मोटरींकडे जायची. मोटरी एकदम सुरू झाल्या की त्या पट्ट्या थरथरायच्या. बाकीचे म्हणायचे, मशीन आहे, हादरणारच. मोतीरामला ते पटेना.

शाळेत असताना एका गुरुजींनी सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाच्या दोन पट्ट्या टांगून, बॅटरी लावून दाखवलं होतं. दोन्हींतून वीज एकाच दिशेनं गेली की पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात. एकीतून जाऊन दुसरीतून परत आली की दूर ढकलल्या जातात. वर्ग हसला आणि विसरला. मोतीराम विसरला नाही. त्याने सागवानाचे अकरा ठोकळे कापले, त्यांना खाचा पाडल्या, जवसाच्या तेलात उकळले आणि वीतवीतभर अंतरावर असे ठोकून बसवले, की तिन्ही पट्ट्या जागच्या हलेनात.

त्याची पोरगी प्रीती इंटरला, म्हणजे अकरावीला गेली तेव्हा म्हणाली, "बाबा, तुमी केलं ते आमच्या पुस्तकात हाय! शॉर्ट होऊन वीज वीसपट झाली, त ढकलनं चारशेपट होते." त्या दिवशी मोतीराम छाती काढून कामावर गेला. का नाही जाणार? एकोणीस वर्षांत त्याला शाबासकी अशी ती एकच मिळाली.

गेल्या वर्षी शेठचा भाचा विनय इंजिनियर होऊन आला. त्याच वर्षी शेठने जाहीर केलं की या सीझनला मोतीरामला पर्मनंट करणार, कागद तयार आहे. दसऱ्याला मोतीराम दरवर्षीसारखा घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेला. इकडे जिनिंगमध्ये मशीनपूजेची साफसफाई निघाली. पॅनलला हळदीकुंकू लागणार, पाहुणे येणार, फोटो निघणार. विनयने दार उघडून पाहिलं तर आत काळे, तेलकट ठोकळे. "ये क्या जंगली काम है?" म्हणाला आणि अकराच्या अकरा उपटून काढायला लावले. पॅनलसोबत आलेले, पट्ट्या धरणारे चार पांढरे सपोर्ट तेवढे राहिले. होमाला लाकूड कमी पडत होतं, तिथे ठोकळे कामी आले. तेल पिऊन मुरलेलं सागवान, जळालं म्हणे झकास!

मोतीराम परतला आणि पॅनल उघडून उभाच राहिला.

"साहेब, ठोकळे?" त्याने विनयला विचारलं.

"चार सपोर्ट कंपनीने हिशोब करून दिलेत. कंपनी मूर्ख आणि तू शहाणा?"

"रोजच्या विजेचं नाही म्हणत मी. शॉर्ट झाला त या पट्ट्या एकमेकीले ढकलतीन. एक दिवस द्या, नवे बसवून देतो."

फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या, सीझन सुरू करायचा मुहूर्त टळत होता. शेठ करवादला, "मोतीराम, तुझा कागद टेबलावर पडून आहे. मशीन चालू करतो, की आणतो दुसरा वायरमन?"

मोतीरामने पट्ट्यांकडे पाहिलं. शेठकडे पाहिलं. आणि मेन स्विचचा दांडा स्वतःच्या हाताने वर केला.

सातव्या दिवशी पॅनलमध्ये पाल शिरली, दोन पट्ट्यांना एकदम टेकली आणि शॉर्ट झाला. एक पालच ती! ठोकळे असते तर फ्यूज उडाला असता, पाल मेली असती आणि अर्ध्या तासात काम सुरू झालं असतं. पण चार सपोर्टवरच्या पट्ट्या एकमेकींना ढकलत धनुष्यासारख्या वाकल्या, सपोर्ट फोडून पॅनलच्या पत्र्याला जाऊन भिडल्या. आगीचा लोळ उठला, दार उडालं. दारासमोर चंदा झाडू मारत होती. सांडलेली रुई गोळा करणं हे तिचं रोजचं काम. तिचे दोन्ही हात भाजले आणि डावा डोळा गेला.

चौकशी झाली. विनयने लिहून दिलं की वायरमनने अडाणीपणाने लाकडं ठोकून पॅनल आधीच खिळखिळा केला होता. कागदाचं शेठ पुन्हा बोललाच नाही. काम सुटलेला मोतीराम हत्यारं जमा करायला गेला तेव्हा नवा पॅनल बसत होता. त्यात वीतवीतभर अंतरावर पांढरे सपोर्ट होते आणि विनय पाहुण्यांना ही आपली सुधारणा म्हणून दाखवत होता. मोतीरामच्या अंगाचा तिळपापड झाला, पण तो हत्यारं ठेवून बाहेर पडला. बोलून आजवर काय मिळालं होतं?

तिथून तो थेट चंदाच्या घरी गेला. निदान तिला तरी खरं कळावं, एवढंच त्याला हवं होतं. त्याने सगळं सांगितलं: गुरुजींच्या पट्ट्या, ठोकळे, होम, विनय, शेठ. प्रीतीच्या पुस्तकातलं चारशेपटही सांगितलं. चंदा बँडेजमधले हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली.

"म्हंजे तुमाले मालूम होतं," ती म्हणाली.

"हो. शेठले सांगतलं, साहेबाले सांगतलं. कोनी आयकलं नाही."

"अन् मले?"

 सात दिवस मोतीराम येता-जाता तिला त्या दारासमोर झाडताना पाहत होता.

"मले त सांगायचं होतं, दादा," चंदा म्हणाली. "मी आयकलं असतं. जरा सरकून झाडलं असतं."