घोडीचं बाळंतपण

मेथी तुपात भाजायला घेतली की मला सायखेड्याचा तो तबेला आठवतो. मी नुकतीच जनावरांची डॉक्टर झाले होते. वरातीत नाचणारी पांढरी घोडी दिवस भरत आले असतानाच गाभडली होती आणि मेलेलं शिंगरू गोणपाटावर पडलं होतं. लग्नसराईत शेजारी बांधलेल्या, नाक गळणाऱ्या घोडीकडून हर्पीसचा विषाणू आला असावा, असं मी मालकाला सांगितलं. हिला वेगळं बांधा, शिंगरू खोल पुरा, जागेवर चुना टाका. मालकाची बायको मात्र चुलीवर बाजरी, गूळ आणि मेथी शिजवत बसली होती. “आता कशाला करती हे?” त्याने विचारलं. “शिंगरू नाय राहिलं,” ती ढवळता ढवळता म्हणाली, “पण बाळंत तर ती झालीच ना?” निवलेलं घमेलं तिने घोडीपुढे धरलं. घोडी गोणपाटाकडे वळून बघायची आणि परत घमेल्यात तोंड घालायची. आज माझे मेथीचे लाडू वळून झालेत. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी काल दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली, तेव्हापासून तिच्या दारावरून सगळे पाय न वाजवता जातात. मी डबा भरला आणि तिची बेल वाजवली.