दोन हजार वर्षांची मेंढरं

जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर असलेल्या त्या छोट्या कंपनीत ज्या कामाचं कुणी कौतुक करत नाही, ते सुकन्याच्या टेबलावर यायचं. या वेळी लायब्ररी बदलायची होती. म्हणजे मेंढ्यांच्या लसीकरणाचा प्रोग्राम आणि त्याचा डेटाबेस यांच्यात बोलणी करून देणारा तयार कोड. जुनी आवृत्ती संध्याकाळी सहाला बंद होणार होती आणि सकाळी लसीची पथकं निघणार होती.

तिनं नवी बसवली. कुठं काही अडलं नाही. दुसरा कुणी असता तर चहाला उठला असता, पण सुकन्या पडली जात्याच संशयी. जुन्या आणि नव्या आवृत्तीनं काढलेल्या उद्याच्या लसीच्या याद्या तिनं शेजारी ठेवल्या. जुनीत तीन हजार चारशे बारा मेंढरं, नवीत दोन हजार आठशे शहाण्णव. पाचशे सोळा जनावरं गायब, आणि त्यांत मायाप्पांचा अख्खा कळप. मायाप्पा म्हणजे तिचे वडील.

तिनं जिन्यात जाऊन फोन लावला.

"आप्पा, कुटं हाय तळ?"

"मोहोळच्या अलीकडं. मागल्या साली आंत्रविषाराच्या रोगानं चौदा मेंढरं गेली बघ. औंदा यादीत नाव हाय न्हवं?"

"हाय की," ती म्हणाली. खोटं बोलल्याचं तिला लगेच बोचलं.

जागेवर येऊन तिनं गळालेल्या नोंदी उघडल्या. सगळ्यांच्या जन्मतारखेत नुसती शून्यं. जुनी लायब्ररी भोळी. शून्यापासून वय मोजायची आणि प्रत्येक मेंढी दोन हजार वर्षांची ठरवून यादीत घ्यायची. नवी खमकी होती. ती असल्या तारखेला तारीखच मानेना, आणि वय नसलेलं जनावर यादीत येईना.

ही शून्यं कुणी भरली, हे शोधायची गरजच नव्हती. चार वर्षांपूर्वी सुकन्या इथं लागली तेव्हा नोंदवह्या भरायचं काम तिचंच होतं. मेंढपाळ वय दातांवर सांगतात: दूधदाती, दोन दाती, चार दाती, आणि सगळे दात आलेली ती जुळलेली. काही वह्यांत तसंच लिहिलेलं असायचं. शेजारची एक मुलगी हसली होती, "मेंढ्यांचे दात कोण मोजत बसतं गं?" सुकन्याही हसली, आणि तारखेच्या जागी शून्यं टाकून मोकळी झाली. पुढं जे आले त्यांनी तीच वाट धरली.

आता सगळीकडं एखादी खोटी तारीख टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मग ही लस चालत नाही अशा दोन-दोन महिन्यांच्या कोकरांनाही सुई बसली असती. ती उठली आणि अमृत सरांपुढं जाऊन उभी राहिली. सर तिचे वरिष्ठ.

"सर, यंदाच्या वह्या काढायला लागतील. दातांवरून वय लावता येतं."

"दातांवरून? हे तुला कुणी सांगितलं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. सुकन्याचे कान तापले.

"माझे वडील मेंढरं राखतात. मला सगळं येत होतं, सर. इथं सांगायची लाज वाटली, म्हणून मीच शून्यं भरली."

सरांनी खुर्ची पुढं ओढली. "तू वाच. मी भरतो."

साडेपाचपर्यंत त्या नोंदी पुऱ्या झाल्या. एकतीस कोकरं लहान म्हणून वगळली, बाकी सगळी मेंढरं यादीत परत आली. सुकन्यानं तिथं बसूनच फोन लावला.

"आप्पा, यादीत नाव हाय. तुमची नऊ कोकरं दूधदाती हायेत, ती सकाळी येगळी बांधा. त्यास्नी आत्ता लस न्हाय."

पलीकडं मायाप्पांचा आवाज एकदम खाली आला. "हापिसातनं बोलतीयास व्हय? हळू बोल की पोरी. लोकं ऐकत्याल."

"ऐकू द्या," सुकन्या म्हणाली.