तिसऱ्या तासाची शिक्षा

नवरा गेल्यानंतर चौदाव्या दिवशी मी शाळेत पुन्हा रुजू झाले. शाळा मुकुंदवाडीच्या पलीकडे होती. आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या, आणि त्यांच्यामधल्या पत्र्याच्या खोल्यांना दिवसाआड टँकर यायचा. त्या वर्षीही पाऊस झाला नव्हता.

आठवडाभर माझा आठवीचा वर्ग अगदी गप्प होता. मुलांना घरून सांगून पाठवलं असावं. ती शांतता एका मुलीनं मोडली. तिसऱ्या तासाला मी फळ्याकडे वळले की ती डबा वाजवायची, नाहीतर पुढच्या मुलीची वेणी बाकाला बांधायची. ओरडायला माझ्यात जोर नव्हता. बाहेर उभी राहा, एवढंच मी म्हणायचे आणि ती निमूट जायची. हे दिवसाआडच व्हायचं, मधल्या दिवशी ती शहाण्यासारखी बसायची, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तीन लेखी तक्रारी झाल्या की पालकांना बोलावून दाखला हातात द्यायचा, असा शाळेचा नियम होता. तिच्याविरुद्धची तिसरी तक्रार मी एका शनिवारी लिहिली. विचार करायचाही कंटाळा आला होता.

सोमवारी पुन्हा तेच झालं. तिला बाहेर काढलं आणि थोड्या वेळानं सहज व्हरांड्यात डोकावले, तर व्हरांडा रिकामा. फाटकाबाहेर टँकर उभा होता. भिंतीआड लपवलेले दोन कॅन घेऊन ती बायकांच्या गर्दीत घुसली होती. तिची आई कंपनीत कामाला जायची, घरी दुसरं कुणी नव्हतं.

ती परत आल्यावर मी तिला विचारलं, सांगून का गेली नाहीस?

"सांगितलं असतं तर तुम्ही नाय म्हणल्या असत्या, मॅडम. शिक्षा मात्र लगेच देता."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

मधल्या सुट्टीत मी हेडसरांकडे तक्रार परत मागायला गेले. तिच्या आईला उद्या बोलावलंय, दाखला तयार आहे, असं ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुमची मनःस्थिती सध्या ठीक नाही."

बँकेत, वाण्याकडे, नातेवाइकांत, महिनाभर मी हेच वाक्य टाळत आले होते.

"नाहीच," मी म्हणाले. "त्याच मनःस्थितीत ती तक्रार लिहिली होती. द्या."

त्यांनी कागद पुढे सरकवला. तयार दाखलाही माझ्यासमोरच फाडला.

बुधवारी तिसऱ्या तासाला मी फळ्याकडे वळण्याआधीच सांगितलं, ज्यांच्या गल्लीत टँकर येतो त्यांनी जाऊन या. सातजणी उठल्या. ती सगळ्यांत शेवटी उठली. पुढच्या मुलीची वेणी तिनं आधीच बाकाला बांधली होती, ती सोडायला वेळ लागला.