ज्याचं सांडलं त्यानं पुसावं

आई खाजगी दवाखान्यात आया होती. बेडपॅन धुवायची, उलट्या पुसायची. हातमोजे नाहीत. तिच्या हाताचा फिनाइलचा वास भाकरीला लागायचा. तीच भाकर खाऊन आम्ही शाळेत जायचो.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. नवे दवाखाने उघडून राहिले होते, माणसं पाहिजे होती. म्हणून आम्हा दहावीच्या पोरांसाठी शाळेनं कार्यक्रम ठेवला. डॉक्टर सोडून दवाखान्यात आणखी काय काय होता येतं, ते सांगायचा. हॉलमध्ये टेबलं मांडलेली. नर्सिंग, फार्मसी, एक्स-रे. शेवटच्या टेबलावर मायक्रोस्कोप. मी सकाळपासून त्याच रांगेत. काचेवरचं रक्त पाहायचं होतं मला.

माझ्या पुढे पंडरीच्या कापडबाजारातल्या व्यापाऱ्याचा पोट्टा. बोटाला सुई टोचली आणि तो भडाभडा ओकला. नाश्त्याचा समोसा, चटणी, सगळं फरशीवर.

पाहुण्या डॉक्टरनं नाकाला रुमाल लावला. आमच्या मॅडम मराठी, पण माझ्याशी कायम हिंदीत बोलायच्या. त्या दिवशी तेवढ्यापुरती मराठी काढली.

"जा गं, पुसून घे. तुझी आई हेच करते ना. तुला सवय असेल."

पुसलं मी. गुडघ्यांवर बसून. सगळा वर्ग नाक धरून बघत होता. साबणानं दोनदा हात धुऊन परत रांगेत आले. डॉक्टर मायक्रोस्कोपकडे बोट दाखवून मला म्हणाला, "बेटा, तुम इसको मत छूना. गंदा हो जाएगा."

ज्याची उलटी, तो मायक्रोस्कोपला डोळा लावून होता. ओठाला चटणी तशीच. त्या ओठाची, त्या रुमालाची, मॅडमच्या त्या मराठीची किळस आली मला. अजून येते.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "काहून पुसलं?"

"मॅडमनं सांगितलं."

"मले त्याचा पगार भेटते. तुले काय भेटलं?"

मी परत हात धुवायला उठले.

"पुढच्या वेळी सांगजो, ज्याचं सांडलं त्यानं पुसावं."

पुढची वेळ आली. लॅब टेक्निशियनच्या कोर्सला, पहिल्याच आठवड्यात. एका सीनियरच्या हातून लघवीचा नमुना सांडला. सरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, "ए, पोछा ले आ."

"जिसने गिराया वो पोंछेगा, सर."

"और नहीं पोंछा तो?"

"तो पड़ा रहेगा."

पडून राहिलं. पुरा तास वास येत राहिला. मी स्टुलावरून उठले नाही. शेवटी सीनियर खाली बसला. हातमोजे मीच दिले त्याला. माझ्या आईला कोणी दिले नव्हते.

घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी. आज रायपूरच्या एका लॅबची इनचार्ज आहे. मायक्रोस्कोप माझ्या टेबलावर असतो, रिपोर्टखाली माझी सही असते. आमच्याकडे सांडलं तर आयाला हाक मारत नाहीत. ज्याचं सांडलं तो पुसतो. डॉक्टरचं सांडलं, तर डॉक्टर. माझं सांडलं, तर मी.