बाबांचे पाच भाग

निवृत्तीनंतर माझ्या बाबांना व्हिडिओ गेमचा नाद लागला. दारव्ह्यात आमच्या गल्लीला ते ठाऊक होतं, कारण भर दुपारी आमच्या खिडकीतून राक्षसांच्या किंकाळ्या ऐकू यायच्या. गल्लीबाहेर कोणाला कळू नये, असं मला मनापासून वाटायचं. भाऊ नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा गेम खेळायचा डबा टीव्हीखाली तसाच राहिला होता. बाबांनी आधी त्याच्यावरची धूळ पुसली, मग एक दिवस तो लावून पाहिला, आणि वर्षभरात एकाच मालिकेचे पाचही भाग खेळून काढले. लांब कोट घातलेला एक माणूस दोन तलवारी आणि एक बंदूक घेऊन राक्षसांशी लढतो, एवढीच गोष्ट. पण नुसतं मारून भागत नाही, ऐटीत मारावं लागतं. तोच वार पुन्हा केला की गुण घसरतात.

बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. बदलून आलेल्या साहेबांची त्यांनी जन्मभर तुलना केली, तशीच ते आता या भागांची करायचे. "पहिला कडक, पण न्यायी. मेलो तर चूक आपलीच. दुसरा म्हणजे नुसता मोठा बंगला, आत काम काहीच नाही. दुरून बंदूक चालवत राहा, राक्षस आपले उभेच!" तिसऱ्यावर त्यांचा फार जीव. तो सगळ्यात अवघड, आणि त्यानं मले शिस्त लावली, असं ते म्हणायचे. चौथ्यात नायक बाजूला होतो आणि एका मुलीच्या हाती तलवार येते. तो त्यांना आवडला नव्हता. पाचवा सगळ्यांना खूश करायला बघतो, म्हणून त्याच्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

मी यवतमाळला ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवते, रोज येऊन-जाऊन. पोरं मला टरकून असतात. सुट्टीच्या दुपारी बाबा झोपले की मी आवाज बंद करून चौथा भाग खेळायची, हे घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात यवतमाळहून मला बघायला पाहुणे आले. मुलगा तिथल्याच लोहाऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर, सोबत आई-वडील. आमच्या आईनं कोथिंबिरीची सांबारवडी केली होती आणि बाबांना बजावून ठेवलं होतं, की त्या खेळाचं नावही काढायचं नाही. बाबांनी काढलं नाही. मुलाचीच नजर टीव्हीखाली रांगेनं लावलेल्या पाच भागांच्या खोक्यांवर गेली.

"काका, हे कोण खेळतं?"

"आमचा मुलगा," आई घाईघाईनं म्हणाली. "बंगळुरूला असतो तो."

"दुसरा भागपण ठेवला?" मुलगा हसला. "त्याला तर सगळे शिव्या घालतात."

बाबांना राहवलं नाही. "घालायलाच पायजेत! पण दुसऱ्यातले रस्ते पाहिले का तुम्ही? नुसतं फिरायला चांगलं आहे ते."

मग दोघं सुटले. तिसऱ्यातल्या एका जिन्यावर येऊन थांबले तेव्हा बाबा उठून उभे राहिले आणि हातातल्या चमच्यानं वार दाखवू लागले. वडीचा एक तुकडा सतरंजीवर पडला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. तो कुठं ठेवावा तेही सुचेना. मुलाचे वडील छताकडे पाहत होते.

"तुले रे कसं काय एवढं माहीत?" मुलाच्या आईनं त्याला विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "मित्र बोलत असतात कंपनीतले."

तो जिना स्वतः तिथं मेल्याशिवाय कोणाच्या लक्षात राहत नाही. तो स्वतःच खेळतो हे मला कळलं, बाबांनाही कळलं. बाबांनी त्याच्यापुढे वडीची बशी सरकवली. तो मात्र सावरायला म्हणून बोलतच राहिला. "चौथा तर फसवणूकच आहे म्हणतात. ज्याच्यासाठी गेम घ्यायचा तोच गायब, आणि ती मुलगी धड पळतही नाही."

"तिनं पळायचंच नसतं," मी म्हणाले. "समोरच्याचा वार अंगावर येऊ द्यायचा आणि अगदी शेवटी अडवायचा. आधीच्या नायकासारखं खेळवलं तर हरणारच."

त्याच्या आईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "अच्छा. म्हणजे तुम्हीपण?"

मी ट्रे जमिनीवरच ठेवला. आणि बाबा, काय बिघडलं ते त्यांना कळलंच नाही, ते कौतुकानं म्हणाले, "पहा बरं! हे मले कधी सुचलंच नाही."

चार-पाच दिवसांनी सकाळीच स्थळ आणणाऱ्या मावशींचा फोन आला. आईनं स्पीकरवर घेतला. मुलगी चांगली आहे म्हणाले, पण बाप-लेक दोघंही टीव्हीपुढे बसणारे, उद्या संसार कोण करणार? बाबा तिथंच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं नाही.

संध्याकाळी मी कॉलेजातून आले तेव्हा ते टीव्हीमागच्या वायरी काढत होते.

"काहून काढून राह्यले, बाबा?"

"तुझं जमू दे आधी."

त्यांनी तो डबा जुन्या टॉवेलात गुंडाळला, पाच भाग वर ठेवले आणि स्टुलावर चढून सगळं कपाटावर सरकवलं. मी स्टूल धरून उभी होते. इतके दिवस मला त्यांची लाज वाटायची, आणि ती मी चांगली लपवते असा माझा समज होता. स्टुलावरून उतरताना त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. हे टाळणं मी ओळखत होते. मैत्रिणी घरी यायच्या म्हटलं की मी बाबांना असंच टाळायची.

पुढच्या महिन्यात त्या मुलाचा बाबांना फोन आला. तिसऱ्या भागातला शेवटचा शत्रू त्याला आवरत नव्हता. बाबा क्षणभर खुलले. मग म्हणाले, "मी सोडलं ते, बेटा," आणि फोन ठेवला. मला त्या मुलाची चीड यायला हवी होती. आली ती माझीच.

नंतर दुसरं स्थळ बघायला यायचं ठरलं, रविवारी. आईनं बाबांना पढवलं, विचारलं तर सांगा, वाचन करतो. शनिवारी बाबा वाचनालयातून एक जाडजूड चरित्र घेऊन आले आणि टेबलावर मधोमध ठेवलं. मग मला म्हणाले, "दोन-चार पानं वाचून ठेवतो. लेखकाचं नाव विचारलं तर यायला पायजे."

मी आत जाऊन मावशींना फोन केला, की या रविवारी नका आणू कोणाला. कारण विचारलं तर सांगता आलं नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाबांना खोटं बोलावं लागू नये म्हणून केलं, असं मी भावाला फोनवर सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. ते खोटं बोलताना मला शेजारी बसावं लागलं असतं. डबा अजून कपाटावरच आहे. मी दोनदा काढू का म्हणून विचारलं. बाबा म्हणतात, राहू दे, धूळ बसते खाली.